गुणांची भाषा

मराठीतील 'गुण' हा शब्द मोठा उदार आहे. परीक्षेत मिळतात ते गुण, माणसाच्या अंगी असतात तेही गुण, आणि औषध लागू पडले म्हणजे येतो तोही गुणच. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांतील आमच्या ख्रिस्ती घरांमध्ये या शब्दाला आणखी एक अर्थ येऊन चिकटला आहे. रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात चार कुटुंबे बोलत उभी असली की कुणीतरी हळूच विचारते, "तुमच्या मुलाचे किती झाले?" हा प्रश्न वयाचा नसतो की पगाराचा नसतो. तो कॅनडाच्या गुणांचा असतो. मुले त्यांना 'पॉइंट्स' म्हणतात. आम्ही जुन्या वळणाची माणसे. आम्ही त्यांना गुणच म्हणतो.

आमच्या घरीही हा हिशेब सुरू झाला आणि त्याबरोबर एक नवी भाषा घरात आली. मुलगा व सून दोघेही नोकरी करणारे. सकाळी बोरिवलीहून लोकल पकडायची, रात्री आठ-साडेआठला परतायचे, जेवण उरकायचे आणि मग दहा ते बारा फ्रेंच शिकायची, असा त्यांचा क्रम झाला. स्वयंपाकघरातील डबे, दरवाजा, खिडकी, पाण्याचा माठ या सगळ्यांवर कागदाचे चिटोरे चिकटले. ज्या वस्तूंना आम्ही आयुष्यभर मराठीत हाक मारली, त्यांची दुसरी नावे वाचीत आम्ही उभयता चहा करू लागलो. प्रथम मौज वाटली. नंतर मनात विचारांचे काहूर उठले, आणि त्या विचारांतूनच हे लिहिणे घडत आहे.

ज्यांच्या घरी हा विषय अद्याप पोहोचलेला नाही अशा वाचकांसाठी प्रथम त्याची रीत सांगतो. कुशल कामगार म्हणून कॅनडात कायम वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांकरिता तेथील सरकारने जानेवारी २०१५ मध्ये 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची पद्धत सुरू केली. अर्जदाराचे वय, शिक्षण, कामाचा अनुभव आणि भाषा यांना गुण देऊन एकूण १२०० पैकी त्याचा क्रम लावतात. ठरावीक काळाने फेरी निघते आणि वरच्या क्रमांकाच्या लोकांना आमंत्रण जाते. या तराजूत तारुण्याला फार वजन आहे. पती-पत्नी मिळून अर्ज करतात तेव्हा मुख्य अर्जदाराला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे १०० गुण मिळतात. तिसाव्या वर्षी ९५, एकतिसाव्या वर्षी ९०, आणि पंचेचाळीस पूर्ण झाले की शून्य. ज्या वाढदिवसाला आम्ही देवाचे आभार मानून केक कापायचा, त्या दिवशी आमचा मुलगा मेणबत्ती विझवून म्हणाला, "पपा, आणखी पाच गेले." सगळे हसले, पण त्याच्या आईने केकचा तुकडा तसाच बशीत ठेवला, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

वय थांबवता येत नाही, शिक्षण व अनुभव एका वर्षात दुप्पट होत नाहीत. राहता राहिली भाषा. इंग्रजी तर आपल्याकडे सर्वांनाच येते, म्हणून तिच्यावर चढाओढ जिंकता येत नाही. कॅनडाची दुसरी राजभाषा फ्रेंच. १९६९ च्या कायद्याने दोन्ही भाषांना तेथे समान दर्जा मिळाला. फ्रेंच चांगली येणाऱ्या अर्जदाराला २०१७ पासून जादा गुण मिळू लागले. २०२० मध्ये ते वाढून, इंग्रजीही बरी असल्यास, ५० झाले. २०२३ पासून तर फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याच निघू लागल्या. त्यांतील फरक किती, हे एकाच आठवड्यातील दोन आकड्यांवरून कळेल. २८ फेब्रुवारी २०२४ च्या सर्वसाधारण फेरीत आमंत्रणासाठी किमान ५३४ गुण लागले. दुसऱ्याच दिवशीच्या फ्रेंच फेरीत ३३६ पुरले. मधले अंतर जवळजवळ दोनशे गुणांचे. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील तरुण मुले नोकरीनंतर फ्रेंचच्या वर्गांना का जाऊन बसतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मात्र हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही अंगांत ठरावीक पातळी गाठावी लागते. तीन अंगांत उत्तम आणि चौथ्यात कच्चे, असे चालत नाही. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला त्यासाठी शेकडो तास द्यावे लागतात. परीक्षाही ठरलेल्या असतात: 'टेफ कॅनडा' किंवा 'टीसीएफ कॅनडा'. डेल्फ नावाची दुसरी प्रतिष्ठित परीक्षा अनेक जण देतात, परंतु या अर्जासाठी ती धरली जात नाही. निकाल दोन वर्षांपुरताच ग्राह्य असतो. आणि एवढे सारे करूनही दार उघडेलच असे नाही. कारण ते दार त्या देशाच्या हाती आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाने पुढील वर्षाचे कायम वास्तव्याचे लक्ष्य पाच लाखांवरून तीन लाख पंच्याण्णव हजारांवर आणले. म्हणून 'चार महिन्यांत फ्रेंच, सहा महिन्यांत कॅनडा' असे सांगणारा कुणी दलाल भेटला, तर मायबापांनी आपली मुदत ठेव मोडण्यापूर्वी शांत चित्ताने विचार करावा. तो अर्ज भरायला दलाल लागतोच असे नाही. तो स्वतःच भरता येतो.

आता प्रश्न येतो तो हा, की पोटासाठी भाषा शिकणे हे कमी दर्जाचे काम आहे काय? आमच्या मित्रमंडळींत काही जण तसे बोलून दाखवतात. फ्रेंच शिकावी तर तिच्या साहित्यासाठी. गुणांसाठी शिकणे म्हणजे भाषेचा व्यापार, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटत नाही. आमच्या समाजाचा इतिहासच वेगळे सांगतो.

साष्टी आणि वसई या भागात पोर्तुगीजांचा अंमल दोनशे वर्षांहून अधिक काळ होता. त्या काळी आमच्या पूर्वजांच्या कानांवर पोर्तुगीज पडली, चर्चमध्ये लॅटिन आली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली, आणि भाकरीची भाषा बदलली. रेल्वे, गोदी, जकात, कापडगिरण्या यांतील नोकऱ्यांसाठी आमचे आजे-पणजे इंग्रजी शिकले. एवढेच नव्हे, तर १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, मुंबईच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. सरकारी नोकरीत बाहेरून आलेल्यांहून आपण निराळे ओळखले जावे, हा त्यामागचा एक हेतू होता. पोटासाठी ज्यांनी नावसुद्धा घेतले, त्यांच्या नातवंडांनी भाषा घेतली तर त्यांत नवल ते काय? आमच्या पिढीने टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून आखाताची वाट धरली. आता टंकयंत्र गेले आणि त्या जागी फ्रेंचचे व्याकरण आले, इतकेच.

अंधेरीच्या सीप्झमध्ये ही सारी शतके एका जागी उभी आहेत. १९७३ मध्ये निर्यातीसाठी उभारलेल्या या क्षेत्रात हजारो तरुण संगणकापुढे बसून काम करतात. त्याच कुंपणाच्या आत, कोंडिविट्याच्या जागी, १५७९ मध्ये येशूसंघीयांनी बांधलेल्या संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या सुमारास साथ पसरली, गाव उठले, आणि धर्मग्राम मरोळला गेला. ज्या भिंतींमध्ये कधी लॅटिन मिस्सा झाली, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर आज कुणी ख्रिस्ती मुलगी जेवणाच्या सुट्टीत कानाला यंत्र लावून फ्रेंच क्रियापदे घोकत असेल. गाव उठणे आमच्या लोकांना नवीन नाही.

१५७९ या सालाची आणखी एक ओळख आपल्याला आहे. त्याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. या इंग्रज धर्मगुरूने आपली मराठी आणि कोकणी आत्मसात केली, आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात, आज फ्रान्समध्ये असलेल्या ॲनसी येथून संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशनरी नागपूरपर्यंत आले. फ्रेंच ज्यांच्या ओठांवर होती त्यांनी आमच्या मुलखाची भाषा शिकून घेतली. तेव्हा फ्रेंच आणि मराठी यांची भेट आज प्रथमच होत आहे असे नाही. फक्त प्रवासाची दिशा उलटली आहे. ते देण्यासाठी आले होते, आमची मुले मिळवण्यासाठी निघाली आहेत, हा भेद आहे खरा. परंतु मिळवायला गेलेला माणूस पुढे द्यायलाही शिकतो, असा आमचा विश्वास आहे.

रात्री मुलाच्या शेजारी बसून आम्हीही त्याचे पुस्तक चाळू लागलो आणि एक गंमत ध्यानात आली. ही भाषा आम्हांला वाटली तितकी परकी नाही. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला. फ्रेंच त्याला 'पँ' म्हणतात, आणि दोघांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. 'चावी' आणि फ्रेंच 'क्ले' ही सख्खी भावंडे. गोव्याकडची 'इगर्ज' आणि फ्रेंच 'एग्लीझ' एकाच घरच्या. आपली 'मिस्सा' ती त्यांची 'मेस', आपला 'नाताळ' तो त्यांचा 'नोएल', आपला 'पाद्री' तो त्यांचा 'पेर'. 'पगार' हा शब्द तर थेट लॅटिनमधील 'शांती' या शब्दाच्या कुळातला निघाला. पगार वेळेवर झाला की घरात शांती नांदते, हे सांगायला व्युत्पत्तीची गरज नाही. तरीही आम्हांला बरे वाटले.

व्याकरणातही आपल्या मुलांना काही आधार आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. फ्रेंचमध्ये मात्र आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे. वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे हे ज्याला मराठीने शिकवले, त्याला तेथे चुकण्याचे कारण नाही. निर्जीव वस्तूंना लिंग असते याचे इंग्रजी बोलणाऱ्याला नवल वाटते. आपण तर तीन लिंगे सांभाळतो, तेथे दोनच. नाकातून येणारे स्वर आमच्या गावठाणांतल्या बोलीला नवे नाहीत. ऐंशी म्हणायचे तर फ्रेंच माणूस 'चार वीस' म्हणतो; वीस नगांची एक कोडी असा हिशेब ज्या आजींच्या तोंडी होता, त्यांना त्यात काहीच विचित्र वाटले नसते. आमची सून म्हणते, "मम्मी, इंग्रजीतून शिकते तेव्हा अवघड जाते, मराठीतून विचार केला की समजते." हे तिचे वाक्य आम्ही फार जपून ठेवले आहे. ज्या अर्जात मराठीला एकही गुण नाही, त्या अर्जाचे गुण मिळवायला मराठीच उपयोगी पडत होती.

येथेच आमच्या मनातील खऱ्या दुखण्याला तोंड फुटते.

कॅनडाचे सरकार फ्रेंचसाठी एवढे गुण का देते? कारण त्यांना आपली भाषा मरू द्यायची नाही. क्वेबेक प्रांताबाहेरच्या कॅनडात, ज्यांची पहिली राजभाषा फ्रेंच आहे अशा लोकांचे प्रमाण १९७१ मध्ये सहा टक्क्यांच्या किंचित वर होते. २०२१ च्या जनगणनेपर्यंत ते साडेतीन टक्क्यांच्याही खाली आले. मॅनिटोबात, न्यू ब्रन्सविकमध्ये, ओंटारिओच्या उत्तरेस फ्रेंच शाळा आहेत, चर्च आहेत, पण बोलणारी मुले कमी पडतात. म्हणून २०२३ मध्ये त्यांनी राजभाषांचा कायदा सुधारला, आणि क्वेबेकबाहेर येणाऱ्या नव्या रहिवाशांत फ्रेंच भाषिकांचा वाटा किती असावा याची लक्ष्ये ते वर्षागणिक वाढवीत आहेत. थोडक्यात सांगायचे तर, त्यांच्या घरातील दिवा विझू नये म्हणून ते जगभरातून तेल मागवीत आहेत, आणि ते तेल आमच्या बोरिवलीतूनही जाणार आहे.

आम्हांला त्यांचा राग येत नाही; उलट आदर वाटतो. आपली भाषा कमी होत आहे हे त्यांनी मोजले, मान्य केले आणि तिच्यासाठी किंमत मोजायची तयारी दाखवली. प्रश्न आम्ही स्वतःला विचारला पाहिजे. आमच्या धर्मग्रामात मराठी मिस्सेला कोण बसते? पुढच्या बाकांवर पांढरे केस, मागच्या बाकांवर कामाला लवकर जाणाऱ्या बायका. तरुण मंडळी इंग्रजी मिस्सेला. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले, तेव्हा लॅटिनचे शब्द न कळता उच्चारणाऱ्या आमच्या आयांना प्रथमच आपल्या भाषेत देवाशी सामुदायिक बोलता आले. ते दान मिळून अजून तीन पिढ्याही झाल्या नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. पण घरातल्या माजघरापर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही. गावठाणातील आमची बोली तर शाळेच्या पुस्तकातही नाही. ती आजीच्या तोंडात आहे, लग्नाच्या गाण्यांत आहे, आणि आजीबरोबर जाण्याच्या वाटेवर आहे.

या विषयावर आमच्या घरी एकदा बोलणे निघाले. आम्ही मुलाला विचारले, "तिकडे गेल्यावर धाकटीशी कोणत्या भाषेत बोलशील?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पपा, शाळेत ती फ्रेंच बोलेल, रस्त्यावर इंग्रजी बोलेल. घरात आम्ही थकून येऊ. मराठी बोलायची असेल तर ती आम्हांला ठरवूनच बोलावी लागेल, जशी आता फ्रेंच ठरवून शिकतो तशी." आम्हांला त्याचे उत्तर प्रामाणिक वाटले. येथे मुंबईत असताना मराठी आपोआप होते असे आपण समजतो; तिकडे आपोआप काहीच होत नाही. आणि खरे पाहता येथेही ती आपोआप होत नाहीच.

या साऱ्या विचारात आम्हांला वाट दाखवली ती फ्रान्समधल्याच एका मुलीने. बोरिवलीच्या आमच्या आय. सी. कॉलनीला अमलोद्भव मरियेच्या चर्चवरून नाव पडले, म्हणून ही गोष्ट आम्हांला विशेष जवळची. १८५८ मध्ये लूर्दच्या गुहेत बर्नादेतला पवित्र मातेचे दर्शन झाले. ती गिरणीवाल्याची गरीब मुलगी. तिला फ्रेंच धड येत नव्हती. घरी बोलायची ती डोंगराकडची बोली. त्या वर्षी २५ मार्च रोजी मातेने आपली ओळख सांगितली, 'मी अमलोद्भव' अशा अर्थाचे शब्द उच्चारले, ते राजधानीच्या फ्रेंचमध्ये नव्हेत. ते बर्नादेतच्या घरच्या बोलीत होते. ज्या भाषेला शाळेत मान नव्हता, कचेरीत गुण नव्हते, ती स्वर्गाच्या राणीने आपल्या मुखी घेतली. पुढे बर्नादेत फ्रेंच शिकली, मठात गेली, संत झाली. एक भाषा शिकली म्हणून दुसरी टाकली नाही.

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या परदेशी लोकांनी प्रेषितांचे बोलणे ऐकले, तेही प्रत्येकाने आपापल्या भाषेत. पवित्र आत्म्याने सर्वांना एक भाषा दिली असती तर काम सोपे झाले असते. त्याने तसे केले नाही. हे आम्ही वर्षानुवर्षे वाचनात ऐकत आलो, पण त्याचा अर्थ घरात चिटोरे चिकटल्यावर अधिक उमगला.

तेव्हा आमच्या उपनगरांतील मायबापांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुले शिकत असतील तर त्यांना शिकू द्या. रात्रीचा चहा करून द्या, नातवंडांना सांभाळा, घरात दोन तास शांतता ठेवा. ज्यांना जायचे आहे त्यांना आशीर्वाद देऊन पाठवा, रडून त्यांचे पाय बांधू नका. ज्यांचे गुण भरणार नाहीत त्यांना कमी लेखू नका. शिकलेली भाषा वाया जात नाही, आणि माणसाची किंमत कुठल्याही देशाच्या कोष्टकात मावत नाही. पण त्याबरोबर घरात एक नेम धरा. रात्रीची रोझरी मराठीत म्हणा, गावठाणाच्या बोलीत गोष्ट सांगा, सणाच्या पदार्थांची नावे त्यांच्या मूळ नावांनीच घ्या. फ्रेंचसाठी मुले चारही अंगे तयार करतात: ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे. आपल्या भाषेसाठी निदान पहिली दोन तरी आपण नातवंडांच्या हाती देऊ शकतो. त्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांनी बाद होत नाही.

आणि जी मुले तिकडे पोहोचतील, त्यांच्यासाठी आमची प्रार्थना अशी की, तेथील रिकाम्या होत चाललेल्या फ्रेंच चर्चमध्ये त्यांनी जाऊन बसावे, त्या लोकांची भाषा मनापासून बोलावी, त्यांचा दिवा तेवत ठेवायला हातभार लावावा. परक्याच्या भाषेचा मान राखणाऱ्यालाच आपल्या भाषेचे मोल कळते. घरी आल्यावर मात्र जेवणापूर्वी त्यांनी आपल्या लेकरांना जवळ बसवावे आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणून सुरुवात करावी. त्या प्रार्थनेला कोणी गुण देणार नाही. पण तिचा गुण आल्यावाचून राहणार नाही.